खुब्यातला घोडा

एखादा माणूस जन्मभर घोड्यावर बसला, हे तो मेल्यानंतर पाच हजार वर्षांनी कशावरून ओळखायचं? लगाम चामड्याचा किंवा दोराचा, तो कधीच कुजून गेला. लाकूड गेलं. रिकीब त्या काळात नव्हतीच. शेजारी घोडा पुरलेला असेल तर नशीब, पण बहुतेकदा नसतो. मग उरतो त्याचा खुबा.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो आणि तिथे फिरतो. माणूस वर्षानुवर्षं मांड्या फाकवून, गुडघे आवळून, हलत्या पाठीवर तोल सांभाळत बसला तर ही उखळ नीट गोल राहत नाही, वरच्या बाजूला किंचित लांबट होते. तिची कड मांडीच्या हाडाच्या मानेवर दाबली जाते आणि तिथे ठसा उमटतो. मांड्या आत ओढणारे स्नायू जिथे हाडाला धरतात तिथलं हाड खडबडीत होतं. मणके दबतात. आणि घोडा हा शेवटी घोडाच असल्यामुळे पडल्याच्या, लाथ बसल्याच्या, क्वचित चावल्याच्याही खुणा मिळतात. हे सगळं एकाच सांगाड्यात दिसलं की हाडांचे अभ्यासक म्हणतात, हा स्वार असावा.

मी व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट आहे. जिवंत माणसांची हाडं त्यांना न कापता पाहणं हे माझं रोजचं काम. प्राचीन भटक्यांच्या सांगाड्यांकडे मी वळले ती निव्वळ हौसेने, आणि आता दिवसाचे रिपोर्ट संपले की युरेशियाच्या गवताळ पट्ट्यात मेलेल्या माणसांचे रिपोर्ट वाचत बसते. घरच्यांना याचं नवल वाटतं. दिवसभर हाडंच बघतेस ना, मग परत तेच?

तेच नसतं ते. आमच्या रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. चित्रात काय दिसलं ते मी सांगितलं, आता त्या माणसालाच विचारा, असा त्याचा अर्थ. बऱ्याचदा ते वाक्य आम्हांला वाचवतं. स्टेपमधल्या, म्हणजे त्या गवताळ पट्ट्यातल्या, सांगाड्याच्या बाबतीत ते लिहायची सोयच नाही. ताडून कोणाशी पाहणार?

२०२३ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात याम्नाया लोकांवर एक शोधनिबंध आला. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या स्टेपमधून हे पशुपालक पश्चिमेकडे युरोपात पसरले. रोमानिया, बल्गेरिया, हंगेरी अशा देशांतल्या दफनटेकड्यांमधले दोनशेहून अधिक सांगाडे तपासून संशोधकांनी त्यांतले पाच याम्नाया स्वार असावेत असा निष्कर्ष काढला. काळ, साडेचार ते पाच हजार वर्षांपूर्वीचा. बातमी जगभर गेली आणि जाताना तिच्यातला ‘असावेत’ गळून पडला. जगातले पहिले घोडेस्वार सापडले, असे मथळे झाले.

पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात उलटतपासणी झाली. कोलोरॅडो विद्यापीठातल्या लॉरेन होसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की खुब्यातले हे बदल घोड्याशिवायही होतात. खुबा दुमडून दीर्घकाळ बसावं लागणारी कोणतीही सवय पुरते. बैल जुंपलेल्या गाडीतून धक्के खात केलेला प्रवाससुद्धा. शिवाय प्राचीन डीएनएच्या हिशेबाने आजच्या पाळीव घोड्यांचा वंश व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतून पसरू लागला तो सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी, म्हणजे या पाच जणांना माती दिल्यावर काही शतकांनी.

माझं मत या वादात होसेकबाईंच्या बाजूला झुकतं, त्याचं कारण माझ्या कामात आहे. मांडीच्या हाडाच्या मानेवरचे बदल मला तरुण फुटबॉलपटूंच्या एक्स-रेत दिसतात. त्यांनी घोडा फक्त चित्रात पाहिलेला असतो. पण म्हणून त्या पाच जणांना घोड्यावरून खाली ओढायचीही मला घाई नाही. एकेक खूण कच्ची असली तरी सहा खुणा एकाच देहात जमल्या तर वजन येतं, हा पहिल्या गटाचा युक्तिवाद रास्त आहे. फक्त वजन किती, हे मोजायला कसोटी हवी. ती हंगेरीतल्या एका दफनभूमीत सापडते.

शार्रेतुद्वरी-हिझोफोल्द नावाच्या या ठिकाणी १०व्या शतकातले हंगेरियन पुरले आहेत. स्टेपमधून येऊन कार्पेथियन खोऱ्यात नुकतेच स्थिरावलेले लोक. काही जणांबरोबर घोड्याचा साज ठेवलेला, काहींबरोबर नाही. म्हणजे कोण स्वार होता याचा हाडांबाहेरचा पुरावा हाताशी आहे. अभ्यासकांनी या दोन्ही गटांची हाडं आपसांत ताडली, आणि वर लिस्बनच्या संग्रहातल्या, ज्यांचे व्यवसाय नोंदलेले आहेत आणि ज्यांचा घोडदौडीशी संबंध नाही, अशा अलीकडच्या माणसांच्या सांगाड्यांशीही. मांड्या आणि कमरेच्या काही स्नायूजोडांवर फरक दिसला. साजाची थडगी हीच इथली ‘लक्षणं’. मला हा अभ्यास याम्नायांच्या बातमीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, आणि अर्थातच त्याची बातमी कुठे झाली नाही.

भटक्यांच्या बाबतीत हाडांवर इतका भार का पडतो, हे एकदा नीट सांगायला हवं. शेतकऱ्यांचं गाव मागे उरतं. भिंतींचे पाये, चुली, धान्याची पेवं, खापरांचे ढीग. तंबूत राहणाऱ्यांचं असं काही राहत नाही. हिवाळी मुक्कामाच्या जागा सापडतात, नाही असं नाही, पण पातळ, विखुरलेल्या. मोठं, ठळक, मुद्दाम टिकावं म्हणून बांधलेलं असं त्यांचं एकच काही असतं, ते म्हणजे कुर्गान. माती-दगडांची दफनटेकडी.

हे त्यांनाही ठाऊक होतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ. स. पू. ५व्या शतकात सिथियन या स्टेपमधल्या लोकांविषयी लिहिलं आहे. इराणी शिलालेखांत शक म्हटलेल्या लोकांचे हे पश्चिमेकडचे भाऊबंद. इराणचा सम्राट दरायस फौज घेऊन त्यांच्या मागे लागला आणि ते नुसते मागे मागे सरत राहिले. वैतागून त्याने निरोप धाडला की पळता काय, लढा नाहीतर शरण या. त्यावर इदांथिर्सस राजाने दिलेलं उत्तर हेरोडोटस सांगतो. आम्हांला ना शहरं ना पेरलेली शेतं, मग कशाच्या भीतीने घाईने लढू? पण आमच्या वाडवडिलांची थडगी आहेत. ती शोधून काढा, त्यांना हात लावून बघा, मग कळेल आम्ही लढतो की नाही.

हेरोडोटसला थापाड्या म्हणायची जुनी पद्धत आहे. त्याने लिहिलंय की सिथियन लोक मारलेल्या शत्रूच्या हाताची कातडी सोलून बाणांच्या भात्यांना लावतात. २०२३ साली युक्रेनच्या दक्षिणेकडच्या १४ ठिकाणांहून आलेले सिथियन चामड्याचे ४५ तुकडे प्रथिनांच्या चाचणीने तपासले गेले. बहुतेक मेंढी, बकरी, गाय, घोडा. दोन माणूस.

पण त्याच्या दुसऱ्या एका गोष्टीचं काय झालं ते अधिक मनोरंजक आहे. इसेदोन नावाचे लोक मेलेल्या बापाचं मांस मेंढरांच्या मांसात मिसळून खातात, असं तो ऐकीव सांगतो. सायबेरियाच्या दक्षिणेला तुवामध्ये आयमीर्लिग नावाची मोठी दफनभूमी सोव्हिएत काळात खणली गेली. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या आयलीन मर्फी यांनी केला. काही हाडांवर बारीक सुरीच्या खुणा होत्या. सांध्यापाशी, स्नायूंच्या जोडांपाशी. मांस काढल्याच्या खुणा. आता एवढ्यावरून ‘नरभक्षक’ हा शब्द किती सहज निघाला असता! मर्फी आणि त्यांचे सहकारी मॅलरी यांनी दुसरा अर्थ सुचवला. माणूस लांबच्या कुरणावर मेला, किंवा जमीन दगडासारखी गोठलेली असताना मेला. दफन तर वाडवडिलांच्या जागीच व्हायला हवं. मग देह सोडवायचा, हाडं जपून ठेवायची आणि कळप परत फिरले की त्यांच्याबरोबर न्यायची. परक्या व्यापाऱ्याने हे लांबून पाहिलं तर तो काय सांगेल? बहुधा हेरोडोटसला सांगितलं तेच.

मी आयमीर्लिगवरचं लिखाण पुन्हा पुन्हा वाचते त्याचं आणखी एक कारण आहे. तिथे जन्मजात व्यंग असलेल्यांचे सांगाडेही आहेत. अशी माणसं मोठी होईपर्यंत जगली आणि बाकीच्यांच्याच दफनभूमीत पुरली गेली. सतत मुक्काम हलवणाऱ्या टोळीत दुबळ्याला मागे टाकत असतील, असं आपण बसल्या जागी गृहीत धरतो.

तुवामध्येच उयुक नदीचं खोरं आहे. मोठमोठ्या कुर्गानांमुळे त्याला सायबेरियातली राजांची दरी म्हणतात. तिथल्या आर्झान-२ या कुर्गानात या शतकाच्या सुरुवातीला रशियन-जर्मन पथकाला एक जोडपं सापडलं. इ. स. पू. ७व्या शतकाच्या अखेरचं. अंगावर-भोवती हजारो सोन्याच्या वस्तू, मिळून सुमारे २० किलो. प्रदर्शनांत लोक ते सोनं पाहायला जातात. मी पाहिली ती राजाच्या हाडांची चित्रं. चाळीस ते पन्नाशीतला माणूस आणि सांगाडाभर पसरलेले डाग. कुठे हाड वेडंवाकडं दाट झालेलं, कुठे पोखरलेलं. कमरेत आणि कण्यात असं दिसलं की आमच्या खोलीत बोलणं बंद होतं. प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांत पसरलेला. संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखलाच, वर हाडातून प्रोस्टेटचं ते विशिष्ट प्रथिनही मिळवलं, ज्याची रक्तचाचणी आज पन्नाशीनंतरचे पुरुष करून घेतात. हाडांवरून निदान झालेल्या अशा आजाराची ही सर्वांत जुनी नोंद असल्याचं त्यांनी २००७ साली लिहिलं.

शेवटचे महिने त्याला घोड्यावर बसता आलं असेल का? मला वाटतं नाही. पण हे मी वाटणं म्हणून सांगते, रिपोर्ट म्हणून नाही.

त्याच दरीत तुन्नुग-१ आहे. दलदलीत असल्याने जवळजवळ कोणाचा हात न लागलेला, इ. स. पू. ९व्या शतकातला कुर्गान. स्विस पुरातत्त्वज्ञ जिनो कास्पारी यांना तो उपग्रहाच्या चित्रांत दिसला. गंमत अशी की त्याच्या कडेने पुढे हजारेक वर्षांनी, इ. स. २रे ते ४थे शतक या काळात, दुसऱ्याच लोकांनी आपली माणसं पुरली. त्या ८७ जणांच्या हाडांचा अभ्यास बर्नच्या चमूने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. जवळपास चौथा हिस्सा माणसं मारामारीत मेलेली. मानेच्या मणक्यांवर धारदार घाव, काहींची मुंडकी उडवलेली, काहींच्या कवटीवर टाळूची कातडी सोलल्याचे चरे. मंगोलियाकडच्या भटक्यांचं शिऑंगनू साम्राज्य मोडल्यानंतरचा तो धामधुमीचा काळ.

घाव मरतेवेळचा की आधीचा, हे ठरवणं दिसतं तितकं अवघड नसतं. माणूस जगला तर घावाच्या कडा गोलावतात, नवं हाड धरतं. ओल्या हाडावरचा वार गुळगुळीत चिरत जातो, सुकलेलं हाड खणताना मोडलं तर ओबडधोबड तुटतं. एवढं कळलं की कवटीकडे पाहताना वार कुठून आला, मारणारा समोर होता की मागे, हेही दिसायला लागतं. न दिसलं असतं तर बरं, असंही कधीकधी वाटतं.

आता संगणकाकडे येते, कारण माझं कुतूहल मुळात तिथूनच सुरू झालं. कवटीभोवती फिरून शेकडो फोटो काढायचे, ते एकमेकांशी जुळवून पृष्ठभागाचं त्रिमित मॉडेल बनवायचं. किंवा सरळ सीटी स्कॅन. मग हाडावर ठरावीक बिंदू खुणावायचे आणि आकाराचंच गणित मांडायचं. उखळ ‘किंचित लांबट’ वाटते, असं डोळ्यांनी म्हणण्याऐवजी किती लांबट, कोणत्या दिशेला, आणि शंभर इतर खुब्यांच्या तुलनेत कुठे, ते सांगता येतं. मांडीचं हाड मध्येच आडवं कापल्यासारखं पडद्यावर पाहता येतं. त्याची भिंत कुठे जाड, कुठे पातळ, वाकवलं तर कोणत्या दिशेने जास्त टिकेल, हे मोजता येतं. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे बर्लिनच्या यूलिउस वोल्फ या शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलं. त्याचे नियम जसेच्या तसे आज कोणी मानत नाही, पण गाभा टिकून आहे. केंब्रिजच्या कॉलिन शॉ आणि जे स्टॉक यांनी खेळाडूंची हाडं स्कॅन करून तो पडताळला. क्रिकेटपटूंचा चेंडू टाकणारा दंड दुसऱ्यापेक्षा भक्कम, लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या नडगीचं हाड पुढून-मागे ताणलेलं.

याच आधारावर प्राचीन माणसं किती चालत हे काढतात. पण घोडा आला की गणित फसतं. स्वार शंभर कोस गेला तरी त्याचे पाय चाललेलेच नसतात. सगळ्यांत जास्त फिरणाऱ्या माणसाची नडगी एखाद्या बैठ्या कारागिरासारखी निघायची! म्हणून मग फिरण्याचा पुरावा दुसरीकडे शोधतात, दातांत.

दातावरचं इनॅमल लहानपणी एकदाच तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही. ज्या मातीतलं अन्नपाणी पोटात गेलं तिथल्या स्ट्रॉन्शियम या धातूच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड प्रकारांचं) आपसांतलं प्रमाण त्यात कायमचं राहतं. जन्म एका खोऱ्यात आणि मृत्यू दुसऱ्या, तर ते जुळत नाही. युक्रेनमधल्या सिथियन काळातल्या लोकांची अशी तपासणी २०२१ मध्ये ॲलिशिया व्हेंट्रेस्का मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. बिल्स्कसारख्या, सुमारे ३३ किलोमीटर तटबंदी असलेल्या वसाहतीतली माणसं त्यात होती, साध्या दफनभूमीतलीही. निष्कर्ष असा की बहुतेक जण जन्मले तिथेच आसपास राहिले, भरडधान्य खाऊन. लांब फिरलेले थोडे.

हे वाचून मी खरंच खुर्चीत मागे टेकले. इतक्या वर्षांच्या ‘घोडेस्वार सिथियन’ या चित्राला पायच नव्हते की काय? तसं नाही. काही भटकत होते, काही नांगर धरत होते, काही किल्ल्यात भांडी घडवत होते, आणि ग्रीकांना बाहेरून सगळे एकच दिसत होते. हेरोडोटसने स्वतः शेती करणाऱ्या सिथियनांचा उल्लेख केलेला आहे. तो आपण सोडून दिला, कारण घोडा जास्त देखणा.

दातांवरचं कीटणही असंच बोलकं. त्यात अडकलेल्या दुधाच्या प्रथिनांवरून कळतं की याम्नायांचा प्रसार सुरू झाला तेव्हा व्होल्गाकाठच्या स्टेपमध्ये जवळजवळ सगळेच दूधदुभत्यावर जगू लागले होते. त्याआधीच्या लोकांच्या दातांत ते क्वचितच सापडतं. मंगोलियात खोव्सगोलच्या आसपास ३,००० वर्षांपूर्वीचे लोकही दूध पीत होते, आणि मोठेपणी दूध पचवण्याचं जनुक तर त्यांच्यात नव्हतं. आंबवून पीत असतील. आमचे दंतवैद्य मित्र जे खरवडून फेकतात ते हेच.

मॉडेल म्हणजे फक्त हाडाची प्रतिकृती नव्हे. मला सर्वांत आवडलेलं मॉडेल एकही हाड न वापरता केलेलं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले मायकेल फ्राकेटी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आशियातल्या डोंगररांगांवर काल्पनिक कळप सोडले. पावसाचं पाणी उतारावरून कुठे गोळा होईल हे काढण्याचं जे भूगोलातलं गणित असतं, तेच त्यांनी ७५० ते ४,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात वापरलं. फक्त पाणी उतार शोधतं तसे कळप उन्हाळ्यातला हिरवा चारा शोधतात. पाचशे वेळा हे चालवून वाटांचं एक जाळं उमटलं. त्यात रेशीममार्गाच्या एकाही ठाण्याची माहिती घातलेली नव्हती. नंतर ताडून पाहिलं तर डोंगराळ भागातली रेशीममार्गावरची ज्ञात ठिकाणं त्या जाळ्याशी चांगलीच जुळली. म्हणजे व्यापाऱ्यांनी वाटा शोधल्या नाहीत, मेंढपाळांच्या पायाखालच्या वाटा वापरल्या.

हे मॉडेल मला का पटतं? कारण त्याची परीक्षा त्याच्याबाहेरच्या गोष्टीने घेतली. चेहऱ्यांच्या मॉडेलांबद्दल मला हे म्हणता येत नाही.

कवटीवर चेहरा चढवण्याच्या शास्त्राचा दबदबा सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव यांनी निर्माण केला. जून १९४१ मध्ये समरकंदला तैमूरची कबर उघडली गेली तेव्हा ते तिथे होते. उजव्या पायाचा आणि उजव्या हाताचा अधूपणा हाडांत स्पष्ट दिसला. तैमूरलंगाचं लंगडेपण इतिहासकारांनी रचलेलं नव्हतं. इथपर्यंत ठीक. त्यांनी घडवलेला तैमूरचा चेहरा मात्र आज सगळीकडे तैमूरचा फोटो असल्यासारखा फिरतो. आर्झानच्या राजा-राणीचेही चेहरे मॉस्कोत लेझर स्कॅनच्या मदतीने घडवले गेले. राजाची कवटी तर अपुरीच होती. तुटलेला अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचं प्रतिबिंब घेऊन भरता येतो, ही आमच्याही शस्त्रक्रियांत वापरली जाणारी रीत आहे. पण नाकाचं टोक, ओठांची जाडी, पापण्या, कान, डोळ्यांतला भाव? कवटी यातलं फार थोडं सांगते. माझी एक साधी मागणी आहे. मॉडेलमध्ये जेवढं हाड खरं आहे ते एका रंगात दाखवा आणि जेवढं भरलेलं आहे ते दुसऱ्या. चांगले अभ्यासक हे करतातही. प्रदर्शनापर्यंत जाताना मात्र रंग एकच होतो.

आणि हाड कधीकधी काहीच सांगत नाही. तुवामधल्या सारिग-बुलून इथे १९८८ मध्ये लाकडाच्या पोकळ ओंडक्यात घट्ट बंद झालेलं एक मूल सापडलं. धनुष्य, बाण, कुऱ्हाड बरोबर. आरसा किंवा मणी काही नाही. मुलगाच, असं तीसेक वर्षं सगळे धरून चालले. तेरा वर्षांच्या आतलं मूल, त्याच्या कमरेच्या हाडात स्त्री-पुरुष हा फरक अजून उमटलेलाच नसतो. २०२० मध्ये डीएनएचा निकाल आला. मुलगी. हत्यारं पाहून ठरवलेलं उत्तर होतं ते, हाडांनी कधी दिलंच नव्हतं.

सायबेरियाच्या दक्षिणेकडच्या अल्ताई डोंगरांतल्या उकोक पठारावरची स्त्री यापेक्षा खूपच प्रसिद्ध आहे. १९९३ मध्ये नतालिया पोलोस्माक यांच्या पथकाने ती बर्फातून काढली. पंचविशीतली, खांद्या-दंडांवर गोंदण, बरोबर सहा घोडे. नोवोसिबिर्स्कला तिचं एमआरआय झालं आणि स्तनाचा कर्करोग, हाडातला जुना जंतुसंसर्ग, पडल्यामुळे झालेल्या इजा दिसल्या. रिपोर्ट वाचताना मला तिच्या आजारपणाची अख्खी फाइल समोर आल्यासारखं झालं. इतकी माहिती मला कधीकधी जिवंत रुग्णाबद्दल मिळत नाही.

पण तिला तिथून नेल्याचं अल्ताईच्या लोकांना पटलेलं नव्हतं. २००३ साली तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा अनेकांनी त्याचं कारण तिच्या हलवण्यात शोधलं. २०१२ मध्ये तिला गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत आणलं, आणि २०१४ मध्ये तिथल्या वडीलधाऱ्यांच्या परिषदेने तिला पुन्हा पुरावं असा कौल दिला. भूकंपाचं कारण मी मानत नाही. तिला पुरण्याची मागणी मात्र मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. रुग्णाच्या स्कॅनवर हक्क कोणाचा, कोण पाहू शकतं, कोणाच्या परवानगीने छापायचं, यावर आम्ही कागदांवर कागद सह्या करतो. तिच्या वतीने कोणी सही केली?

डिजिटल प्रतीमुळे हा पेच सुटतो असं काही जण म्हणतात. हाडं परत द्या, फाइल आमच्याकडे राहील. मला ते तितकं सोपं वाटत नाही. फाइलही तिच्याच शरीराची आहे. मी घरी बसून अशी एखादी कवटी माउसने गरगर फिरवते तेव्हा मलाच ते खटकतं, आणि तरी मी फिरवते, कारण जबड्याखालून बघायचं असतं.

त्यात न खणणं हाही आता सुरक्षित पर्याय उरलेला नाही. अल्ताईचे कुर्गान ज्या गोठलेल्या मातीमुळे टिकले, ती माती तापमानवाढीने वितळते आहे. युनेस्को आणि बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाने या बर्फातल्या थडग्यांच्या नोंदी करण्याचं काम म्हणूनच हाती घेतलं होतं. कास्पारी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उपग्रहचित्रांत कुर्गान ओळखायला संगणकाला शिकवलं आहे, आणि चोरट्यांच्या आधी पोचायचं असेल तर तेही लागणारच. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, आधी त्या खोऱ्यात गुरं चारणाऱ्यांना विचारा, मग खणा, हाडांचं पुढे काय करायचं ते खणण्याआधी ठरवा, आणि स्कॅनच्या मूळ फाइली तिथल्याच संग्रहालयाच्या ताब्यात द्या. एखादं मॉडेल पाहायला माझ्यासारखीला अर्ज करावा लागला आणि तो नामंजूर झाला, तरी चालेल.